तुमचं मागसून बघूया

७ मे २०२४. कुणकेश्वरला सकाळी सातलाच घामाच्या धारा लागल्या होत्या. रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा मतदारसंघाचं मतदान होतं. मी आदल्या दिवशी कणकवलीला उतरून गावी पोचलो होतो. नोकरी मुंबईत, भाड्याचं घर मुंबईत, अकरा वर्षांचा जोडीदारही मुंबईत, पण मत मात्र कुणकेश्वरला. चाकरमान्यांची ही जुनी खोड आहे.

काका पडवीत आंब्याची पेटी भरत बसला होता. पेंढा घालायचा, एकेक फळ हातात फिरवून बघायचं, डाग असेल ते बाजूला. मान वर न करता त्यानं विचारलं, "खयच्या पक्षाक देतलंस रे?"

"बघतंय अजून."

"काय बघतंस? आधी आंब्याचा काय ता बघ. तुमच्या त्या लग्नाचा मागसून बघूया."

काकाला माहीत आहे. २०१८ च्या सप्टेंबरात कलम ३७७ चा निकाल टीव्हीवर लागला तेव्हा मीच त्याला फोनवर सांगितलं होतं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, गणपतीक येतंस मां? तेव्हापासून तो या सगळ्याला 'तुमचा ता' म्हणतो. नाव घेत नाही, पण मला टाकूनही देत नाही. त्यामुळे त्याच्या बोलण्याचा राग आला नाही. मी फक्त त्याच्या 'मागसून'पाशी अडकलो.

मालवणी न येणाऱ्यांसाठी सांगतो, मागसून म्हणजे मागाहून. 'तू फुडे हो, मी मागसून येतंय' असं म्हणणारा माणूस कधी कधी येतो, कधी कधी येतच नाही. आणि कोण पुढे, कोण मागसून हा आमच्याकडे फार गंभीर मामला असतो. महाशिवरात्रीला आजूबाजूच्या गावांच्या देवस्वाऱ्या कुणकेश्वराच्या भेटीला आणि समुद्रस्नानाला येतात, तेव्हा कुणाचा मान आधी हे ठरलेलं असतं. कोकणात मानपानाचे वाद पिढ्यान् पिढ्या चालतात, कोर्टात जातात. देवांच्या बाबतीत एवढी काळजी घेणारे आम्ही, माणसांच्या बाबतीत मात्र 'मागसून' म्हणून मोकळे होतो.

मत देताना समलैंगिकांच्या हक्कांना किती वजन द्यायचं? रस्ता, हॉस्पिटल, आंब्याचा विमा, जातीचा प्रश्न, महागाई, लोकशाही, यांच्या शेजारी हा विषय ठेवला तर तो कितवा? हा प्रश्न मला आजचा, मोबाईलच्या पिढीचा वाटायचा. मग वाचत गेलो तसं लक्षात आलं की आधी काय आणि मागसून काय, हे भांडण मराठी राजकारणाच्या जन्मापासूनचं आहे.

*

शाळेत आपण सगळेच टिळक-आगरकर वाद पाठ करतो. आधी राजकीय की आधी सामाजिक? चार मार्कांचा प्रश्न. पण त्यात खरंच पणाला काय लागलं होतं ते शाळेत कळत नाही. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलीच्या शरीरसंबंधाला संमतीचं किमान वय दहावरून बारा करायचं, एवढीच गोष्ट. टिळकांचा विरोध होता. परक्या सरकारनं आमच्या घरात कायदा करू नये, हा त्यांचा मुद्दा. आगरकरांचं म्हणणं उलट होतं. घरातल्या अन्यायाला हात लावायला स्वराज्याची वाट का बघायची? 'केसरी'तून बाहेर पडून १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला आणि जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली.

१७ जून १८९५ ला आगरकर गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. तोवर रिवाज असा होता की काँग्रेसचं काम संपलं की त्याच मंडपात न्यायमूर्ती रानड्यांची सामाजिक परिषद भरायची. पुण्यात याला विरोध झाला. मंडप जाळून टाकू अशा धमक्या आल्या. शेवटी रानड्यांनी परिषद दुसरीकडे हलवली. एकाच मंडपात दोन विषय मावेनात, तेव्हा बाहेर जावं लागलं ते सामाजिक विषयाला.

टिळकांची बाजू मूर्खपणाची होती असं मी म्हणणार नाही. लोक एकत्र आणायचे असतील तर फूट पाडणारे विषय दूर ठेवा, हा हिशोब आजही प्रत्येक पक्षाचा प्रत्येक जिल्हाध्यक्ष करतो. हिशोबात चूक नसते. फक्त ज्याचा विषय दूर ठेवला जातो त्याला वहीत 'नंतर' असं लिहून मिळतं आणि पुढे तारीख नसते.

ही मंडपाची गोष्ट पुढे एका माणसानं बरोबर उचलली. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे भाषण लिहिलं, आणि जे त्यांना करू दिलं गेलं नाही, त्या 'जातिसंहारा'च्या सुरुवातीलाच ते काँग्रेस विरुद्ध सामाजिक परिषद हा सामना मांडतात आणि सामाजिक पक्ष कसा हरला ते सांगतात. त्यांना हा विषय पुस्तकातून कळलेला नव्हता. 'आधी स्वराज्य, मग तुमची अस्पृश्यता' हे त्यांनी रोज ऐकलेलं होतं.

म्हणून त्यांनी त्याआधी दोन वर्षं केलेली एक गोष्ट मला फार मोठी वाटते.

*

रघुनाथ धोंडो कर्वे हे नाव तुम्ही अमोल पालेकरांच्या 'ध्यासपर्व'मुळे किंवा अतुल पेठ्यांच्या 'समाजस्वास्थ्य' नाटकामुळे ऐकलं असेल. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, घराणं दापोलीजवळच्या मुरुडचं, गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्या प्रचारापायी कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. सव्वीस वर्षं! जाहिराती नाहीत, पैसा नाही, वर अश्लीलतेचे खटले.

१९३४ च्या खटल्यात आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. प्रश्न हस्तमैथुनाचे, समलैंगिक संबंधांचे. आज कुणीही रात्री दोन वाजता ब्राउझरची प्रायव्हेट खिडकी उघडून टाईप करतो तेच. त्या काळी माणसं पोस्टकार्ड लिहायची, आणि मुंबईतला एक किडकिडीत प्राध्यापक त्यांना न रागावता, न हसता उत्तर द्यायचा. सरकारच्या लेखी हा गुन्हा होता.

कर्व्यांचं वकीलपत्र आंबेडकरांनी घेतलं. १९३४ साल डोळ्यासमोर आणा. पुणे करार होऊन दीड वर्ष झालं आहे. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू आहे. गोलमेज परिषदांचा शीण उतरलेला नाही. कोट्यवधी माणसांचा भार एका माणसाच्या खांद्यावर आहे आणि शत्रू कमी नाहीत. अशा वेळी कुठल्याही राजकीय सल्लागारानं सांगितलं असतं की साहेब, या घाणेरड्या मासिकाच्या भानगडीत पडू नका, आपले विषय मोठे आहेत. ते पडले. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील होत नाही, लोक प्रश्न विचारत असतील तर जाणकारानं उत्तर द्यायलाच हवं, अशा दिशेनं त्यांनी बाजू मांडली. खटला हरले. कर्व्यांना दंड झाला.

आता इथे घाई करून आंबेडकरांना किंवा कर्व्यांना आजच्या प्राइड मार्चच्या बॅनरवर बसवू नये. आजच्या अर्थानं ही हक्कांची मागणी नव्हती. मुद्दा होता बोलण्याचा, विचारण्याचा, माहिती मिळण्याचा. पण मला त्यातून जे घ्यायचं ते वेगळंच आहे. जातीचा प्रश्न 'मागसून' ढकलला गेल्याचा चटका ज्याला सर्वांत जास्त बसला होता, त्यानं दुसऱ्याला मागसून म्हटलं नाही.

आणि हे एका खटल्यापुरतं नव्हतं. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोती म्हणजे आमच्या कोकणाचं जुनं दुखणं. कसणारा एक आणि खाणारा खोत वेगळा. जानेवारी १९३८ मध्ये त्यासाठी कोकणातले शेतकरी हजारोंच्या संख्येनं मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याच पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या बाजूनं ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. ठराव पडला. खोतीचं विधेयकही तेव्हा मंजूर झालं नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर. पण एकाच पक्षाच्या एकाच पिशवीत कुळाची जमीन आणि बाईचं शरीर हे दोन्ही विषय होते, एक पुढे आणि एक मागसून असं नव्हतं. पोटाचे प्रश्न आणि 'असले' प्रश्न एकत्र मांडता येत नाहीत, असं मला कुणी समजावू लागलं की मी त्यांना हे साल सांगतो. १९३८. आणि विषय कोकणाचाच.

*

स्वातंत्र्यानंतरची पन्नास वर्षं मात्र पटकन सांगून होतात, कारण सांगण्यासारखं फारसं घडलंच नाही. १८६० च्या दंडसंहितेतलं ३७७ कलम तसंच राहिलं. काँग्रेस आली, जनता पक्ष आला, समाजवादी आले, कुणी त्याला हात लावला नाही. आमच्या मतदारसंघाला, तेव्हा त्याचं नाव राजापूर, देशातले सर्वांत सभ्य म्हणावेत असे खासदार मिळाले. १९५७ पासून बॅरिस्टर नाथ पै, त्यांच्यानंतर १९७१ ते १९९१ मधू दंडवते. काकाच्या पिढीनं दंडवत्यांना मत दिलं ते कोकण रेल्वेसाठी, आणि ते चूक होतं असं कोण म्हणेल? मुंबईला जायला चोवीस तास बोटीत किंवा एसटीत आतडी पिळवटून घेतलेल्या लोकांचं ते मत होतं.

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. पुढे येणारी गोष्ट आली. मागसून येणारी त्याच वर्षाच्या शेवटी कशी आली ते बघा.

नोव्हेंबर १९९८ मध्ये दीपा मेहतांचा 'फायर' लागला. एकाच घरातल्या दोन जावा, दोघींच्या वाट्याला कोरडे संसार, आणि त्यातून एकमेकींवर जडलेला जीव. २ डिसेंबरला मुंबईत गोरेगावच्या चित्रपटगृहावर शिवसेनेच्या महिला आघाडीचा मोर्चा गेला, काचा फुटल्या, खेळ बंद पडले. दुसऱ्या दिवशी दिल्लीत रीगलला तेच. राज्यात तेव्हा युतीचं सरकार होतं आणि मुख्यमंत्री मनोहर जोशींनी आंदोलकांचं कौतुकच केलं. नायिकांची नावं राधा आणि सीता, हा मोठा आक्षेप होता. ती नावं मुसलमानी असती तर आमची हरकत नव्हती, असाही सूर लागला. निषेध करणाऱ्या दिलीपकुमारांच्या घरासमोर शिवसैनिक अंगावरचे कपडे उतरवून बसले. संस्कृती वाचवण्याचा हा प्रकार तेव्हाही अनेकांना विनोदी वाटला होता.

पण मला जास्त बोचतं ते दुसऱ्या बाजूचं. सेनेच्या विरोधात जे बोलले, संसदेत आणि वर्तमानपत्रांत, त्यातल्या बहुतेकांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याची बाजू घेतली. सिनेमा त्या विषयावर नाहीच मुळी, तो स्त्रीच्या एकटेपणावर आहे, असं समजावून सांगण्याची चढाओढ लागली. म्हणजे बाजू घेणारेही विषयाला मागसून ठेवून बाजू घेत होते. दिल्लीत रीगलसमोर मेणबत्त्या घेऊन उभ्या राहिलेल्या गर्दीत काही बायकांनी आम्ही भारतीय आहोत आणि लेस्बियनही आहोत, असे फलक धरले तेव्हा सोबतच्या पुरोगाम्यांची चुळबुळ झाली. त्या चुळबुळीतूनच पुढे लेस्बियन हक्कांची वेगळी मोहीम उभी राहिली.

मी तेव्हा नववीत होतो. कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर शाळेतून येताना एका मित्राच्या दप्तराला हात लावून चालण्यात जे होतं त्याला नाव नव्हतं. नाव मिळालं ते पेपरातल्या मोर्च्याच्या बातमीत. आपल्याला काय म्हणतात हे आपल्याविरुद्धच्या मोर्च्यातून कळणं, ही माझ्या पिढीतल्या पुष्कळांची गोष्ट आहे.

*

मग कोर्टांचा काळ आला आणि इथून पुढे पक्षांची मोठी सोय झाली.

२००१ मध्ये नाझ फाउंडेशन दिल्ली उच्च न्यायालयात गेली. केंद्रात काँग्रेस आघाडीचं सरकार असताना गृहखातं कोर्टात ३७७ हवं म्हणत होतं आणि आरोग्यखातं नको म्हणत होतं. २ जुलै २००९ ला उच्च न्यायालयानं प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं ते उलटवलं आणि म्हणालं, हवं तर संसदेनं कायदा बदलावा. सोनिया आणि राहुल गांधींनी खेद व्यक्त केला. भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष राजनाथ सिंह यांनी हे संबंध अनैसर्गिक असल्याचं सांगून कलमाची पाठराखण केली. २०१४ च्या जाहीरनाम्यात काँग्रेस आणि माकपनं बदलाचं आश्वासन दिलं. पुढे १८ डिसेंबर २०१५ ला शशी थरूर यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडू पाहिलं. मंजूर करणं दूर, नुसतं मांडू द्यायचं की नाही यावर मत झालं आणि ७१ विरुद्ध २४ नं ते दारातच पडलं. ५४५ जणांच्या सभागृहातले बाकीचे कुठे होते? ते जागेवरच नव्हते. गैरहजर राहणं हीच भूमिका.

६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांनी एकमतानं ३७७ चा तो भाग रद्द केला. भाजपच्या केंद्र सरकारनं त्या वेळी निर्णय न्यायालयाच्या शहाणपणावर सोडला होता. विरोध केला नाही, पाठिंबा दिला नाही. म्हणजे या देशात समलैंगिक माणूस गुन्हेगार नाही हे ठरलं, पण त्यासाठी एकाही पक्षाला एकही मत गमवावं लागलं नाही. आणि आम्हालाही मतपेटीपाशी काही ठरवावं लागलं नाही. आमचा हक्क कोर्टात आणि आमचं मत रस्त्यासाठी, अशी वाटणी झाली. सोयीची होती. मीही त्या वर्षांत निवांतपणे इतर विषयांवर मत दिलं आहे.

ही वाटणी १७ ऑक्टोबर २०२३ ला संपली.

समलिंगी विवाहाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की विवाहाचा असा मूलभूत हक्क नाही. यावर पाचही न्यायाधीशांचं एकमत होतं. विवाह नाही तर निदान नागरी सहजीवनाला मान्यता द्यावी का, यावर तीन विरुद्ध दोन झालं. मान्यता द्यावी म्हणणाऱ्या दोघांत आपले धनंजय चंद्रचूड होते आणि ते सरन्यायाधीश असूनही अल्पमतात गेले. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. थोडक्यात, कोर्टानं चेंडू संसदेकडे टोलवला. संसद म्हणजे पक्ष. पक्ष म्हणजे तुमचं-माझं मत.

त्या सुनावणीतला एक बारीक तपशील फारसा कुणाच्या लक्षात नाही. केंद्र सरकार विरोधात होतंच. भारतीय कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलं, असं त्यानं लिहून दिलं होतं. पण केंद्रानं राज्यांचीही मतं मागवली. आसाम, आंध्र आणि राजस्थाननं विरोध कळवला. आसामात भाजप, आंध्रात जगनमोहन, आणि राजस्थानात तेव्हा काँग्रेस! महाराष्ट्रानं काय केलं? विषय मोठा आहे, सखोल चर्चा लागेल, वेळ द्या, असं कळवलं. आगरकर, कर्वे, आंबेडकर यांच्या राज्यानं अधिकृतपणे 'मागसून बघूया' म्हटलं.

*

आपल्या राज्यात काहीच हाललं नाही असंही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसनं एलजीबीटी सेल काढला. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात बदल सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. वंचित बहुजन आघाडीनं २०१९ मध्ये दिशा पिंकी शेख या तृतीयपंथी कवयित्रीला प्रवक्ता केलं. २०२१ च्या जानेवारीत जळगाव जिल्ह्यातल्या भादलीत अंजली पाटील ही तृतीयपंथी उमेदवार ग्रामपंचायतीवर निवडून आली. तिचा अर्ज आधी बाद केला होता, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तो ग्राह्य धरला. गावानं तिला मत दिलं ते काही क्रांती करायची म्हणून नसावं. पाणी, गटार, रस्ता यांसाठी ती उपयोगाची वाटली असेल. मला ही बातमी जाहीरनाम्यांपेक्षा जास्त धीर देऊन गेली.

२०२४ च्या लोकसभेला काँग्रेसनं जाहीरनाम्यात व्यापक चर्चेनंतर नागरी सहजीवनाचा कायदा आणू असं लिहिलं. माकपनंही समलिंगी जोडप्यांना कायदेशीर मान्यता देऊ म्हटलं. भाजपच्या जाहीरनाम्यात तृतीयपंथीयांसाठी गरिमा गृहं आणि आयुष्मान भारत होतं, जोडप्यांबद्दल काही नव्हतं. कागदावर तरी फरक होता.

आता तो कागद घेऊन कुणकेश्वरच्या मतदान केंद्रावर या. मशीनवर दोन मोठी नावं. भाजपचे नारायण राणे आणि ठाकरेंच्या शिवसेनेचे विनायक राऊत. दोघेही मूळचे एकाच शिवसेनेतले, म्हणजे 'फायर'चे खेळ बंद पाडणाऱ्या पक्षातले. 'फायर'नंतर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९९९ मध्ये, राणे मुख्यमंत्री झाले होते. राऊतांना दिलेलं मत आघाडीतून काँग्रेसच्या जाहीरनाम्यापर्यंत पोचेल, असं धरायचं का? जागा मिळवून दिल्यावर ठाकरेंची सेना त्या एका वाक्यासाठी लोकसभेत हात वर करील? प्रचारात दोन्हीकडून कुणी हा शब्द उच्चारला असेल तर तो माझ्या कानावर आला नाही. बोलणं सगळं गद्दारीचं, पक्षचिन्हाचं, महामार्गाचं आणि कोण कुणाचा माणूस याचं.

तेव्हा एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. एखादा विषय माझ्यासाठी किती मोठा आहे यावरून मतातलं त्याचं वजन ठरत नाही. समोरच्या दोघांत त्या विषयावर फरक किती, यावरून ठरतं. माझं आयुष्य ज्यावर उभं आहे तो प्रश्न दोन्ही पारड्यांत सारखाच रिकामा असेल तर काटा हलणार नाही. पक्षांना हे आपल्या आधी कळलेलं असतं. गप्प राहणं म्हणजे काटा हलू न देणं.

आणि मग राहिलेल्या विषयांवर फरक शोधावा लागतो. तो खोटा नसतो. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चाललंय, त्यावरचे खड्डे माझा मणका वेगळा ओळखत नाहीत. जिल्ह्यात मोठं काही झालं की पेशंट घेऊन गोव्याला बांबोळीला पळावं लागतं, माझे वडील तसेच गेले. नाणारच्या रिफायनरीच्या आराखड्यात आमच्या देवगड तालुक्यातली गिर्ये आणि रामेश्वर ही गावं होती. ती रिफायनरी २०१९ मध्ये रद्द झाली ती लोकांनी सर्व पक्षांच्या मानगुटीवर बसून रद्द करवली म्हणून. रापणवाला आणि पर्ससीनवाला यांच्यातलं भांडण हे पोटाचं भांडण आहे. दलित घरातल्या गे मुलाला आधी जात नडते, तो मत देताना आधी ते बघेल, आणि त्याला कुणी आपल्याच लोकांशी बेइमान म्हणू नये. एवढंच, की हे सगळं मोजताना माझाही प्रश्न पोटाचाच आहे, हे काकानं मानावं.

कारण तो आहे. आमच्या कलमांच्या सात-बारावर चौतीस नावं आहेत. आजोबांच्या चुलतभावांची, मुंबईला गेलेल्यांची, मेलेल्यांची, बडोद्याला असलेल्या एका आत्याची जिला आम्ही कुणी पाहिलेलं नाही. उद्या मी गेलो तर माझा वाटा त्या आत्याच्या नातवापर्यंत कायद्यानं पोचू शकतो. अकरा वर्षं माझ्या आजारपणात रात्री जागणारा माणूस कायद्याच्या लेखी माझा कुणी नाही. मृत्युपत्र करता येतं, करणारही आहे. पण भावकीतला एखादा देवगडच्या कोर्टात गेला तर त्याला तिथे कोण म्हणून उभं राहायचं? ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं कळवलं की अशा जोडप्यांना बँकेत जॉइंट खातं काढायला मनाई नाही. मनाई आधीही नव्हती. पण लिहून मिळालं, हेही खरं.

*

दक्षिण आफ्रिकेतल्या सायमन न्कोलीची गोष्ट इथे सांगायला हवी. वर्णद्वेषाविरुद्ध लढणारा काळा तरुण, १९८४ मध्ये अटक, राजद्रोहाचा खटला, फाशीची शक्यता. बराकीत सोबत चळवळीचे मोठे नेते. तिथे त्यानं सहआरोपींना सांगितलं की मी समलैंगिक आहे. आधी खळबळ झाली. हा आपली केस बिघडवील, याचा खटला वेगळा चालवा, अशी कुजबुज झाली. आधी मुक्ती, मग हे, असं म्हणणारे तिथेही होते. न्कोली त्यांच्यातच राहिला. चळवळ सोडली नाही आणि गप्पही बसला नाही. १९८८ मध्ये सुटला. पुढे १९९६ च्या संविधानात दक्षिण आफ्रिकेनं लैंगिक कलावरून भेदभाव करायला बंदी घातली. संविधानात असं लिहिणारा जगातला तो पहिला देश. त्या संविधानामागच्या नेत्यांत न्कोलीचे बराकीतले सोबतीही होते. जाहीरनाम्यात वाक्य यायच्या आधी असं कुणीतरी बराकीत बोलावं लागतं, हे त्यावरून दिसतं. जोहान्सबर्गहून कुणकेश्वर लांब आहे, पण पडवी आणि बराक यांच्यात मला फार फरक वाटत नाही.

*

मत कुणाला दिलं ते सांगत नाही. 'नोटा'वर बोट गेलं होतं एवढं कबूल करतो. निकाल तुम्हाला माहीत आहे, राणे सुमारे ४८ हजारांनी निवडून आले.

दुपारी जेवून पडवीत आलो तर काका पुन्हा पेटीशी बसलेला. मी शेजारी बसून पेंढा सोडवून देऊ लागलो. मग विचारलं, "काका, मी मेल्यार माझो वाटो कोणाक जातलो?"

"असा काय बोलतंस अवेळी?"

"सांग तर."

त्यानं हातातला आंबा फिरवून बघितला, पेटीत ठेवला. चौतीस नावांतली काही मोजून बघितली असावीत. बडोद्याच्या आत्यापाशी त्याचं बोट थांबलं.

"तिका कित्याक?" तो म्हणाला. "ती कधी हयसर इली पण नाय."

मी काही बोललो नाही. त्यानं दोन पेट्यांवर झाकणं मारली, तिसरी ओढली. पुढच्या वेळी उमेदवार कुणकेश्वराच्या दर्शनाला आला की हे त्याला विचारायचं, असं मी म्हटलं. सगळ्यांसमोर, देवळाच्या पायऱ्यांवर.

"विचार," काका म्हणाला. "पण आधी आंब्याचा विचार."

"आणि मगे?"

"मगे विचार. मी आसय थय."